पंखा वळवला, फुगवटे हलले नाहीत

ग्राफ फार देखणा होता, आणि तिथंच मला शंका आली.

"मावशी, आता नाही म्हणू नका," ऋतुजा व्हिडिओ कॉलवर म्हणाली. तिची तीन वर्षांची पीएचडी त्या ग्राफवर उभी. सोमवारी तिचे गाइड, म्हणजे आमचे सर, तो परदेशातल्या टीमला दाखवणार होते.

मी पुण्याच्या एका लॅबमध्ये टायपिस्ट म्हणून लागले. प्रोग्रॅमिंग बघून बघून शिकले. रिटायर होऊन गावी विंझरला आले, तरी लॅबचा डेटा तपासायला माझ्याकडंच येतो.

काम सांगते. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण. पोलराइज्ड बीम म्हणजे सगळ्या फोटॉनांची थरथर एकाच दिशेत. असा बीम प्रोटॉनवर मारला, की मेसॉन नावाचे क्षणभर जगणारे कण निघतात. ते कुठल्या बाजूला जास्त उडतात, एवढं मोजायचं. इथं थरथर आडवी होती, आणि ग्राफला वर-खाली दोन फुगवटे, म्हणजे कण त्या बाजूंना जास्त उडाले.

समोर अंगणात शेजारच्या सखूवहिनी टेबल फॅन लावून भात उफणत होत्या. ऊन तोंडावर आलं तसा त्यांनी पंखा वळवला. भुसकट लगेच दुसरीकडं पडायला लागलं.

"उभ्या थरथरीचाही डेटा घेतलाय ना? तो काढ. फुगवटे डावी-उजवीकडं यायला हवेत."

सर मध्येच कॉलवर आले. "अहो बाई, एवढा छान रिझल्ट आहे, आता कशाला?"

"सर, पंखा वळला तर भुसकट वळायला पाहिजे."

"कुठला पंखा?"

मी लॅपटॉप अंगणाकडं फिरवला. वहिनींनी पदर सावरला. "मला कशाला दावताय त्यास्नी? भात न्हाई का बघितला कदी?"

दहा मिनिटांत दुसरा ग्राफ आला. फुगवटे जागचे हलले नव्हते. म्हणजे एवढे मोठे फुगवटे हा मेसॉनांचा गुण नव्हेच. यंत्राच्या डाव्या-उजव्या बाजूच्या, कण टिपणाऱ्या पट्ट्या कमी मोजत होत्या.

पोरीचा चेहरा उतरला.

"रड नंतर," मी म्हटलं. "आधी आडव्याला उभ्यानं भाग." यंत्राची खोड दोन्हीकडं सारखी, भागाकारात ती कटते. संध्याकाळी ऋतुजाचा फोन आला. उरलेले फुगवटे बारके होते, पण खरे होते. पीएचडी वाचली.

सोमवारी सरांनी तोच बारका ग्राफ दाखवला. तिकडच्या एका बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "दिशा बदलून पाहिलीत का?"

"अर्थातच," सर म्हणाले.

आता आमच्या तपासणीच्या यादीत पहिली ओळ आहे: ग्राफ देखणा असेल, तर आधी पंखा वळवून बघा.