बर्फातला डबा

मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात बर्फ फोडल्याचा आवाज आला की मला तो डबा आठवतो. बाबांचा कॅन्सर ज्या औषधाने आटोक्यात आला, त्यानेच त्यांचं हृदय कमजोर केलं. म्हणून मूळपेशींपासून वाढवलेल्या हृदयाच्या पेशींवर अशी औषधं रुग्णांना देण्याआधी माझ्या प्रयोगशाळेत तपासायचा मी हट्टच धरला. त्या जिवंत पेशी उबदार डब्यातून मुंबईहून घरी आणल्या आणि थकून झोपले. उठले तर आईने डबा बर्फाने गच्च भरलेला! "नासलं असतं गो," ती म्हणाली. जन्मभर मासळी विकलेली बाई दुसरं काय करणार? गारठ्याने पेशी मेल्याचं कळताच तिने पदर खोचला. "चल, दुसऱ्या आणू." परतीच्या गाडीत तिने डबा पोटाशी धरला, तो रत्नागिरीपर्यंत सोडला नाही. आता बाबा नाहीत. आई कधीतरी प्रयोगशाळेत येते, सूक्ष्मदर्शकातून पेशींची धडधड बघते. पण त्याआधी पंखा बंद करते.