चाच्यांच्या बेटावर नानांचा नारळ

आधीच सांगून ठेवतो — मी देवाला हात जोडतो तेही आई बघत असेल तरच. भुतंखेतं, भानामती, अंगात येणं, सगळं थोतांड, हे मी आजही तावातावानं सांगतो. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून “लोकांना काही कामधंदा नाही” असंही म्हणालेलो आहे. आणि आता स्वतःच लिहायला बसलोय... हसा खुशाल.

नाशिकला मखमलाबाद रोडवर आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मी तेव्हा डिप्लोमाला होतो. माझे वडील — नाना — मळ्यापेक्षा ओळखले जायचे ते पाणाड्या म्हणून. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी शेतातून चालायचं, आणि जिथे नारळ उभा राहील तिथे पाण्यासाठी खणायचं. त्याचा एक पैसा ते घेत नसत. कुठेही गेले की आधी त्या घरचं तांब्याभर पाणी प्यायचे, मग चपला काढायचे, मग नारळ. मी तोंडावर म्हणायचो, “नाना, खोल खणलं की कुठंही पाणी लागतं, यात तुमचं काय कौतुक?” ते हसायचे. “बरं बाबा, तू शिकलेला.”

२००३ च्या उन्हाळ्यात हे सगळं संपलं.

माझी मोठी बहीण संगीताताई नांदगावकडे दिलेली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिकडे उन्हाळ्यात पाण्याची बोंब. ताई लांबून डोक्यावर हंडे आणायची — पाणाड्याची पोर! तिच्या सासऱ्यांनी नानांना बोलावलं, मी बरोबर होतो. ताईनं दारात तांब्या पुढे केला, नानांनी त्याला नुसता हात लावून परत दिला. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. मग चपला काढल्या, नारळ धरला, गोठ्याच्या अलीकडे तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. तीनशे फूट गेले आणि वर आला नुसता फुफाटा. सगळा गाव बघायला जमलेला. ताईचा चुलत सासरा मोठ्यानं म्हणाला, “व्याही, नारळ आता खोबऱ्यालाच ठेवा!” लोक खो खो हसले. ताई मान खाली घालून उभी होती. मला अजून राग येतो त्या माणसाचा.

नानांनी नारळ सोडला. लोक गाड्या घेऊन यायचे, नाना आतून म्हणायचे, “नाय म्हणून सांग.” जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी झालं. ताई बाळंतपणाला आली, मुलगी झाली. नाना नातीला मांडीवर घ्यायचे, पण ताईच्या नजरेला नजर देत नसत. ती सासरी गेल्यावर फोन करायची, “नाना, एकदा या ना घरी.” नाना फोनवर यायचेच नाहीत. हा माणूस असाच खाटेवर विझून जाणार, अशी मला रोज भीती वाटायची. आणि करता काहीच येत नव्हतं.

२००५ ची दिवाळीची सुट्टी. माझ्याकडे असेंबल केलेला कॉम्प्युटर आणि मित्राकडून आणलेली एका गेमची सीडी. गेम समुद्री चाच्यांचा, सीडीही चोरीची कॉपी — अगदी शोभून दिसत होतं! त्यात एक लंगडा कप्तान. जहाजावरून जहाजावर उड्या, तलवारबाजी, तोफा... सगळं मी पार केलं आणि एका बेटावर अडकलो. तिथे खजिन्याची पेटी पुरलेली, नकाशा अर्धा फाटलेला. चुकीच्या जागी खणलं की वाळूतून सांगाडे उठायचे आणि कप्तानाचा खेळ खलास. वर प्रत्येक डावाला पेटीची जागा बदलायची. पंधरा दिवस मी तिथेच मरत होतो.

एका दुपारी लोडशेडिंग संपून लाईट आली आणि मी बसलो. नाना मागे खाटेवर होते.

“काय शोधतो रे ह्यो लंगडा?” कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं होतं.

“खजिना.”

“मग सारखा मरतो कामून?”

“चुकीच्या जागी खणतो म्हणून,” मी बोलून गेलो... आणि जीभ चावली. आता काहीतरी बोलायचं म्हणून मी आणखी शेण खाल्लं — “तुम्ही बघता का? आणू नारळ?”

मला वाटलं, भिंतीकडे तोंड करून झोपतील. पण ते उठले. देव्हाऱ्याजवळचा पूजेचा नारळ घेतला, चपला काढल्या आणि माझ्या मागे उभे राहिले. मी कप्तानाला अख्खं बेट फिरवलं. नारळ ढिम्म.

“कसा उठंल,” नाना म्हणाले, “त्या मुलखाचं पाणी कुठं प्यायलोय मी?”

मला हसू आवरेना. पण माणूस बोलत होता, उभा राहिला होता... तसाच गंभीर चेहरा ठेवून स्वयंपाकघरात गेलो, पेल्यात पाणी घेतलं आणि चांगलं चमचाभर मीठ ढवळलं. “घ्या, दर्याचं.”

त्यांनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “लय खारट हाय रे! हं, चालव त्याला. हळू. पळवू नको.”

कप्तान माडांच्या रांगेजवळ आला आणि नारळ हलला. झोपेतून पोर उठावं तसा सावकाश उठला आणि शेंडी वर करून उभा राहिला. नानांची बोटं सरळच होती, मी वाकून बघितली. “थांब. हितंच.”

खणलं. पेटी!

योगायोग, मी म्हणालो. पुन्हा नवा डाव — यावेळी खडकांमागे. पेटी. तिसऱ्यांदा मी खोडसाळपणा केला. नानांना पाठमोरं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि आवाज बंद केला. कप्तान कुठे चाललाय हे फक्त मला दिसत होतं. किनाऱ्यावर, अगदी लाटांपाशी, मागून आवाज आला, “थांब.” वळून बघतो तर नारळ उभा. खणलं... पेटी. मी खुर्ची सोडून उठलो.

“नाना, हे कसं काय?”

त्यांचं लक्षच नव्हतं. ते टेबलावरच्या पेल्याकडे बघत होते. डोळे भरलेले. “किशोर,” ते म्हणाले, “नांदगावला मी पाणी प्यायलो नव्हतो रे.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नांदगावला निघालो. ताईनं दारात रीतीप्रमाणे तांब्या पुढे केला — हात लावून परत देतील म्हणून. नानांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला. नात झाली होती, आता रीत आड येत नव्हती. एका दमात संपवला. ताईला हुंदका फुटला. “नाना, सावकाश प्या... अजून आणते.”

नारळ उभा राहिला तो गोठ्याच्या पलीकडे, जुन्या बोअरपासून वीसेक पावलांवर. पुन्हा बोअरची गाडी आली, पुन्हा गाव जमला. चुलत सासराही. दीडशे फुटांच्या आसपास पाण्याचा असा फवारा आला की गाडीवाला नखशिखान्त भिजला. पहिला तांब्या पाणाड्याचा असतो. नानांनी तो ताईच्या हातात दिला.

घरी येताना एसटीत मी विचारलं, “नाना, पाण्याचं सोडा. पण कॉम्प्युटरमध्ये खजिना कसा दिसला?”

“खजिना कुठं? मला काय त्यातलं कळतं? मी पाणीच बघितलं. पेटीखाली असंल, तू बघितलं का?”

मी पोट धरून हसलो. नानाही हसले, दोन वर्षांनी.

२००९ मध्ये नाना गेले. चौदावा झाल्यावर एका दुपारी, का कोण जाणे, मी तो गेम काढला. तिन्ही डाव मी तेव्हा सेव्ह केलेले होते; उघडला तो तिसरा, किनाऱ्यावरचा, पेटी काढून झालेला. कप्तान त्याच खड्ड्याशी उभा होता. पेटी मिळाली की सगळे पुढे जातात, मीही कधी थांबलो नव्हतो. या वेळी पुन्हा फावडं मारलं. मारतच राहिलो. सातव्या की आठव्या घावाला खड्ड्यात पाणी चढायला लागलं. निळं, काठोकाठ.

म्हणाल, गेम बनवणाऱ्यांनीच ठेवलं असेल, किनाराच होता तो. मीही तेच म्हणालो. पेटी निघालेली, त्यामुळे आता सांगाडे उठत नव्हते; मग शेजारी खणलं, लाटांच्या आणखी जवळ खणलं. सगळे खड्डे कोरडे. बाकीच्या डावांतल्या पेट्यांखाली बघायचा मात्र मला धीर झाला नाही, आणि पुढे तो कॉम्प्युटरच मोडीत गेला. याचा अर्थ काय लावायचा ते मला आजही कळत नाही.

त्या दुपारी मी एवढंच केलं — ताईला फोन लावला. माझा आवाज ऐकून ती घाबरली. “काय झालं रे?”

“काही नाही गं,” मी म्हणालो, “पाणी लागलं.”