रिफंडची वाट पाहणाऱ्यांची यादी

प्रिय सई आणि चिन्मय,

व्हिडिओ कॉलवर तुम्ही भाचरं माझ्याकडे धाडसाची केस मागता आणि मी चोरांच्या पाठलागाची सांगते. आता तुम्ही दोघंही तिकडे नोकरीला लागलात, परक्यांचे कागद तुमच्या टेबलावर येऊ लागले, म्हणून ही दुसरी केस लिहून पाठवते आहे. निवृत्तीनंतरही ती माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हा मी दिल्लीत सायबर सेलला निरीक्षक होते. सकाळची हजेरी आटोपून, आलेले अर्ज पाहत होते, तोच एक पंजाबी बाई आत आल्या. तक्रार त्यांची नव्हती, दिल्लीच्याच द्वारका भागातल्या त्यांच्या शेजारणीची होती. "मॅडम, आंटीजी खुद नहीं आएंगी. बेटा पुणे में है, उसको पता चला तो ले जाएगा."

आंटीजी मराठी निघाल्या. मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेले. यजमान वारल्यावर कागद लावताना त्यांच्या लक्षात आलं, की एकाच फ्लॅटवर दोन विमे चालू आहेत. एक त्यांनी स्वतः रद्द केला. उरलेल्या मुदतीचा रिफंड पंधरा दिवसांत मिळायचा होता. चार महिने गेले. मेट्रोने विमा कंपनीच्या करोल बागच्या शाखेत पाच खेपा झाल्या. दर वेळी "प्रोसेस में है" एवढंच उत्तर. मग शेजारणीच्या मोबाइलवर त्यांच्यासाठी फोन आला, चक्क मराठीत: "काकू, तुमचा रिफंड अडकलाय, मी काढून देतो." त्यांनी आपला नंबर दिला, त्यावर आलेली लिंक उघडली, विचारलं ते भरलं आणि खातं रिकामं झालं.

"दिल्लीत काकू म्हणणारा माणूस फसवेल असं कसं वाटेल हो?" त्या म्हणाल्या. "पैशांचं राहू द्या. मुलाला कळलं तर म्हणेल, बघ, तुला एकटीला जमत नाही. मला हे घर सोडायचं नाही."

"मुलाला कळणार नाही," मी म्हणाले. तक्रारीवर सही हवी होती, म्हणून शब्द देऊन टाकला.

धागा जबाबातच सापडला. विमा रद्द केला तेव्हा त्यांचा मोबाइल दुरुस्तीला होता, म्हणून अर्जावर शेजारणीचा नंबर लिहिला होता. दुसऱ्या कुठल्याही कागदावर तो नव्हता. म्हणजे बातमी शाखेतूनच फुटली होती.

शाखेतला कंत्राटी ऑपरेटर दोन तास नाही-नाही म्हणत राहिला. मी तो अर्ज समोर ठेवला आणि नंबरावर बोट ठेवलं. तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, फाइल मैं नहीं रोकता. वो तो वैसे ही पड़ी रहती है. मैं सिर्फ लिस्ट देता हूँ, किसका रिफंड रुका है."

"और लोग फोन उठा लेते हैं?"

"चार महीने से जो बैठा है, वो पहली घंटी पर उठाता है."

आडनाव पाहून भाषा ठरायची. मराठी बोलणारा त्याचा साथीदार दुसऱ्या दिवशी हाती लागला. दोघं तुरुंगात गेले. फाइली चार-चार महिने दाबून बसलेल्या शाखेतल्या साहेबावर लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. उशीर हा गुन्हा नाही. त्याने मला चहा पाजला आणि सहकार्याबद्दल माझेच आभार मानले.

गेलेल्या रकमेचा मोठा भाग गोठवता आला. पण खातं मुलाबरोबर संयुक्त होतं, आणि कोर्टातून रक्कम सोडवायला त्याचीही संमती लागत होती. खात्याचा प्रकार मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. पुण्याला नोटीस गेली, तिच्यावर सही माझी होती.

मुलगा तिसऱ्या दिवशी विमानाने आला. सभ्य माणूस. "थँक यू मॅडम," म्हणाला. "आता आई आमच्याकडेच राहील." महिन्याभरात फ्लॅट विकला गेला. सामान निघालं त्या दिवशी मी भेटायला गेले. "तुम्ही शब्द दिला होता," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला या केसबद्दल प्रशंसापत्र मिळालं. तक्रारदार दोन गोष्टी सांगतो: काय गेलं आणि काय जाऊ नये. आम्ही पहिली लिहून घेतो, कारण तिच्यासाठी छापील रकाना असतो. तुमच्या टेबलावरही असेच रकाने असतील.

विम्याचा रिफंड सातव्या महिन्यात आला. त्या फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं. त्या पुण्यात आहेत, तब्येत ठीक आहे असं मुलगा सांगतो. माझा फोन त्या घेत नाहीत.