कोंडवाड्याचा राखणदार

चामोर्शीच्या कोंडवाड्यावर एक राखणदार होता. शाळेत शिकवून परतताना तो मला रोज दिसे, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मोहाच्या फुलांच्या वासानं दुपार जडावलेली असे, आणि तो धरून आणलेल्या मोकाट गुरांपुढं पाण्याची बादली घेऊन उभा असे. अंगात पलटणीतला जुना खाकी सदरा. बाहीवर हुद्द्याची फीत उसवल्याची गडद खूण होती. बोलताना तो ती अंगठ्यानं चोळायचा.

एकदा एक गुराखी बैल सोडवायला आला. यानं त्याला परत पाठवलं. "मालकाले धाड. दंड मालकाले हाये."

"चूक गुराख्याची असली तरी?" मी विचारलं.

"त्याचीबी हाये, गुरुजी. पण मालकानं इथी आलं पाह्यजे."

बैल पाणी पीत होता. ते बघत बघत राखणदार झोपेत बोलावं तसं बोलू लागला.

"लढाईत आमी कैदी राखत होतो. साहेब म्हणे, त्याईचं पाणी बंद करा. मी केलं. एक कैदी उन्हात मेला. चौकशी झाली, माही फीत गेली. ते बरोबरच झालं, बादली माह्याच हातात होती. पण साहेबाले कोणी बोलावलंच नाई."

दूर रस्त्यावर धूळ उठली. कुणीतरी येत होतं. त्यानं बादली खाली ठेवली आणि साहेबापुढं राहावं तसा टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

धुळीतून बैलाचा मालक बाहेर आला. मग राखणदारानं पाय सैल सोडले.