लग्नपत्रिकेवरची जाहिरात

परवा एक लग्नपत्रिका आली. कोपऱ्याला लावलेल्या हळदीचा वास नाकात शिरला आणि मी थेट त्या दिवसांत पोचलो, जेव्हा आमचं रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं.

आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम ठरला होता, पण जाहिरातीला पैसे नव्हते. ओळखीच्या छापखान्यात नावं न छापलेल्या जुन्या पत्रिका पडून होत्या. वर गणपती, खाली ‘सहकुटुंब यावे’. फुकट मिळताहेत म्हणून मी त्यांवरच आम्हा दोघा गायकांचा, म्हणजे माझा आणि कुसुमचा फोटो छापला, शेजारी हॉलचा पत्ता टाकला आणि पाराभर, म्हणजे सगळ्या मोहल्ल्यात, वाटल्या.

हॉल गच्च भरला. बायका पैठण्या नेसून, हातात अहेराचे स्टीलचे डबे घेऊन आल्या. मी गायला तोंड उघडतोय तोच कुसुमचे बाबा तणतणत स्टेजवर चढले.

“काहून बे पोट्ट्या, माह्या पोरीचं लग्न, अन् मलेच पत्रिका नाही?”

“काका, लग्न नाही, गाण्याचा कार्यक्रम आहे!” मी माइकमध्येच ओरडलो.

मागून एक काकू म्हणाल्या, “हव, लेकिन पंगत कब बैठेगी?”

दोन वर्षांनी आमचं खरोखरच लग्न झालं. सगळे पोटभर जेवले, पण अहेर एकानंही आणला नाही. म्हणाले, “आमचा तर तेव्हाच पोचला ना!”