वरच्या काकांचा मुका टीव्ही

टीव्हीच्या धंद्यावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकं कुणी लिहिलं नसेल, आणि त्यांच्याइतका कमी टीव्ही कुणी ऐकला नसेल. एका वर्तमानपत्रात तीस वर्षं ते दर शुक्रवारी सदर लिहीत होते. कुठली मालिका जोरात आहे आणि कुठली गुंडाळणार, हे चॅनेलवाल्यांच्या आधी आमच्या बोरीवलीला कळायचं ते त्यांच्यामुळे. आणि हा माणूस मालिका बघायचा ती चक्क आवाज बंद करून! "गोष्ट ऐकत बसलो तर धंदा कधी बघू?" असं म्हणत मांडीवर वही घेऊन ते साड्या, पडदे आणि सोफे टिपून घेत. नटनट्यांच्या मुलाखतींशी त्यांचं वाकडं. दिंडोशीला, चित्रनगरीबाहेरच्या टपरीवर सेटच्या सुतारांबरोबर चहा प्यायला, की झाली त्यांची पत्रकारिता. एकदा एक नावाजलेला नायक तिथे आपणहून हात मिळवायला आला, तर काकांनी त्याला विचारलं, "तुमच्याकडचे सुतार दोन दिवस दिसत नाहीत, ते?" माझ्या चुलतबहिणीच्या रिसेप्शनला तर स्टेजवर चढले, सोफ्याची खोळ उचलली आणि ओरडले, "अरे, हा त्या खाष्ट सासूचा सोफा! म्हणजे सेट मोडला!" नवरा-नवरी वाकून नमस्कार करत होती, तिकडे लक्षच नाही. शुक्रवारी ती मालिका गुंडाळल्याची बातमी छापून आली आणि खरी निघाली. त्यांची बातमी कधी खोटी निघालीच नव्हती, हीच तर माझी पंचाईत झाली.

कारण दीड वर्ष घरी बसून काढल्यावर मला एका मालिकेचे संवाद लिहायचं काम मिळालं होतं, आणि एका गुरुवारी काका खाली येऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, दुसरीकडे कुठे काम बघून ठेवतेस का?" दुसऱ्या दिवशी घाईघाईने पेपर उघडला, तर सदरात रिमोटच्या घसरत्या दर्जावर लेख! रिमोटवर! मी तशीच वर गेले.

"काका, माझी मालिका बंद होतेय ना? खरं सांगा."

बराच वेळ वही चाळून झाल्यावर ते म्हणाले, "तुझी हिरॉइन अठरा भाग एकच हिरवी साडी नेसून बसलीय. पडदे तेच, फुलंसुद्धा तीच. चॅनेलने हात आखडता घेतलाय. वाट लागली गं."

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. "काका, मंगळागौर चाललीय! एकच रात्र आहे ती!"

"अठरा भाग?"

"मीच लिहितेय ना! चॅनेलने अजून सहा मागितलेत."

काकांनी कपाळाला हात लावला. मग "सुटलो गं बाई" म्हणत खुर्चीत मागे टेकले. माझाही जीव भांड्यात पडला. मला वाटलं, खोटी बातमी छापली गेली नाही म्हणून ते सुटले.

उतरताना जिन्यात भाजीची पिशवी घेतलेल्या काकी भेटल्या. "तुझ्या मालिकेवरचा लेख बुधवारीच लिहून तयार होता," त्या म्हणाल्या. "पक्की बातमी आहे म्हणत होते. मग स्वतःच फाडला. म्हणाले, पोरीचं काम जाणारच आहे, पण निदान माझ्या हातून नको."

ती मालिका पुढे दोन वर्षं चालली. काकांचं सदर मात्र आता बंद झालंय. वर्तमानपत्राचं ते पानच उरलं नाही. गुडघे कुरकुरतात, म्हणून दिंडोशीला जाणंही सुटलं. मी नवी मालिका लिहितेय. संध्याकाळी साडेसातला ती वरच्या घरात लागते आणि माझेच संवाद मला खाली ऐकू येतात. काका आता आवाज मोठा ठेवतात.