काचवाल्या मामांची करंगळी

माझे मामा काच कापायचे. हिऱ्याच्या टोकाच्या कलमाने रेघ ओढायची, खालून एक टिचकी, की तावदान रेघेवर दुभंगायचं. हातमोजे घालणाऱ्यांची ते टर उडवत. धार बोटांना कळली पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

एकदा काच निसटून मनगटात घुसली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कातडी शिवली, आत तुटलेली नस कुणी पाहिलीच नाही. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. दुसरा कुणी घाबरला असता, मामा खूश! "आता कितीही ओरखडे येऊ देत, दुखतच नाही," असं दुकानभर सांगत सुटले. हा वेडेपणा काचवालाच करू जाणे. चौदा महिने घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. आणि मी, सख्खी भाची, प्रयोगशाळेत तुटलेल्या नसांवरच काम करते! दर रविवारी त्यांच्यासमोर बसून जेवले, पण हात काही पाहिला नाही. मला त्यांच्यापेक्षा माझाच राग येतो.

नस तुटली की तिच्या धाग्यांभोवतीच्या, श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी मोडतोड आवरतात, नव्या धाग्याला वाट करून देतात. हे काम कधी धरायचं, कधी सोडायचं, हे ठरवण्यात काही आरएनएंचा मोठा वाटा असतो. त्यांच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही, म्हणून पूर्वी त्यांना कचरा म्हणायचे. नव्या धाग्याची वाट पाहून पाहून या पेशी थकतात. उंदरांना असा एक आरएनए देऊन आम्ही त्या पुन्हा कामाला लावतो. हाताची गोष्ट उघड झाली तेव्हा मी मामांना हे सगळं सांगितलं.

"मग मलाही टोच की," मामा म्हणाले.

"अजून ते उंदरांपुरतंच आहे, मामा."

"उंदीर बरे होतात ना?"

"होतात. मग नस तपासायला आम्ही त्यांना मारतो."

"राहू दे बाई मग!" ते पोट धरून हसले. मला हसू आलं नाही.

अखेर शस्त्रक्रिया झाली, फार उशिरा. नंतर दर रविवारी मी मनगटापासून पुढे बोटाने ठोकत जायचे. मुंग्या येतील तिथवर नस पोचली, असं समजून तिथे पेनाने खूण करायची. अंदाजाने सांगू नये म्हणून मामा डोळे मिटत. वर्षभर पेनाची खूण टाक्यांपुढे सरकली नाही. पंजा वाळत गेला. काच पेलवेना, तसं दुकानही सुटलं.

परवा त्यांनी डोळे मिटून हात पुढे केला. मी नुसतीच बघत बसले.

"आल्या गं, मुंग्या आल्या!" ते म्हणाले. "थेट तळहातापर्यंत!"

मी अजून बोट टेकवलंच नव्हतं.